पत्र कोणासाठी लिहावयाचे?
(व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमाने शिकविलेल्या काही गोष्टी : प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषण)

खेड्यातील शिक्षकाच्या हातून वर्षभरात जेवढे लेखन होते, तेवढे त्या गावात क्वचितच दुसऱ्या कोणाच्या हातून होत असेल. हजेरीपट, दाखले, पोषण आहाराची नोंदवही, पालकांना सूचना, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त, केंद्रप्रमुखांकडे पाठवावयाचा अहवाल, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे करावयाचा अर्ज, असे हे लेखन बारमाही चालू असते. अध्यापक विद्यालयात पाठाचे टाचण कसे काढावे हे प्रत्येकाने शिकलेले असते. परंतु पालकाला पत्र कसे लिहावे, हे फारसे कोणी शिकविलेले नसते. जुन्या पत्राची प्रत समोर ठेवून नवे पत्र लिहिले जाते, आणि ज्या जुन्या पत्रावरून ते लिहिले तेही त्याहून जुन्या पत्रावरूनच उतरविलेले असते. यामुळे कागद पुष्कळ होतात, पण निरोप पोहोचतोच असे नाही.

विद्यापीठांनी ही उणीव ओळखून व्यावहारिक मराठीचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यास आता बराच काळ लोटला आहे. पत्रलेखन, अर्ज, अहवाल, सारांश, टिप्पणी, सभेचे इतिवृत्त, मुलाखत, सूत्रसंचालन असे त्याचे घटक असतात. महाविद्यालयातील तरुण हा विषय गुण मिळविण्यासाठी घेतात, आणि त्यात गैर काही नाही. परंतु वीस वर्षे नोकरी झालेला एखादा प्राथमिक शिक्षक हाच विषय शिकावयास बसला, तर त्याला त्यात काय सापडेल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

उदाहरणासाठी असा एक शिक्षक डोळ्यांपुढे आणावा. त्याची शाळा वैनगंगेच्या काठच्या एका धानाच्या गावात आहे. पदवी पूर्ण करण्यासाठी त्याने दूरशिक्षणाने नाव घातले आणि व्यावहारिक मराठी हा विषय सोपा म्हणून निवडला. इतकी वर्षे अर्ज-अहवाल लिहीत असलेल्या माणसाला यात नवे ते काय शिकावयाचे, असेच त्याला वाटत होते. पुस्तकाच्या आरंभीच एक साधे वाक्य होते : पत्राची परीक्षा लिहिणाऱ्याच्या टेबलावर होत नाही, ती वाचणाऱ्याच्या हातात होते. या वाक्याने त्याला त्याच वर्षीच्या एका पत्राची आठवण झाली.

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि थोड्याच दिवसांत रोवणी सुरू होते. चौथीतील एक मुलगी आठवड्यातून दोन-तीन दिवसच शाळेत येऊ लागली होती. शिक्षकाने नियमाप्रमाणे पालकाला पत्र पाठविले. त्यात लिहिले होते : ‘आपली पाल्या सातत्याने अनुपस्थित राहत असल्याची बाब निदर्शनास आली आहे. सबब, सदर अनुपस्थितीबाबत तात्काळ खुलासा सादर करावा; अन्यथा पुढील कार्यवाही करण्यात येईल.’ पत्राची जावक नोंदवहीत नोंद झाली. दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत यावयाची पूर्णपणे थांबली. शिक्षकाने मनाशी ठरविले की, पालक बेफिकीर आहेत.

पुस्तकातील ते वाक्य वाचल्यानंतर तो पत्राची प्रत खिशात घालून त्या घरी गेला. वडील बांधकामाच्या मजुरीसाठी नागपूरला गेले होते. आई निरक्षर. पत्र शेजारच्या मुलाने वाचून दाखविले होते. त्याला ‘खुलासा’ आणि ‘कार्यवाही’ हे दोन शब्द मोठे वाटले, आणि त्याने आपल्या समजुतीप्रमाणे सांगितले की, शाळेने नोटीस काढली आहे, दंड होईल किंवा नाव कापतील. आईला वाटले, नाव कापणारच आहेत तर मुलीला पाठवून तिची शोभा कशाला करावयाची? आई दिवसभर बांधीत पऱ्हे लावावयास जात असे आणि मुलगी दीड वर्षाच्या भावाला सांभाळीत असे. आठवड्यातून ज्या दोन-तीन दिवशी मुलगी शाळेत येत होती, ते दिवस आईने रोजी बुडवून तिच्यासाठी मोकळे केलेले होते! शाळेसाठी एवढी झीज सोसणाऱ्या त्या बाईला शाळेचेच पत्र धमकीचे वाटले. मुलीला शाळेत आणण्यासाठी लिहिलेल्या पत्रानेच तिला घरी बसविले होते.

या अभ्यासक्रमाचा पहिला धडा तो हाच. पत्र कोण वाचणार आहे, त्याला वाचता येते काय, वाचून कोण दाखविणार आहे, आणि वाचल्यानंतर त्याने नेमके काय करावे अशी अपेक्षा आहे, या चार प्रश्नांची उत्तरे ठाऊक झाल्याशिवाय लेखणी उचलू नये. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती आणि सात वर्षांवरील लोकांत साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८४ टक्के होते. हे प्रमाण अभिमानास्पद आहे यात संशय नाही. पण याचा दुसरा अर्थ असा की, दर सहा जणांत एकाला त्या वेळी पत्र वाचता येत नव्हते. जो पत्र वाचू शकत नाही, त्याच्याच घरचे मूल शाळेतून गळण्याचा संभव अधिक असतो. म्हणजे पत्राची गरज जेथे सर्वांत जास्त, तेथेच ते सर्वांत निरुपयोगी ठरते.

शिक्षकाने दुसरे पत्र लिहिले ते असे : ‘आपली मुलगी हुशार आहे. तिचे नाव शाळेतून काढलेले नाही व काढणार नाही. रोवणीच्या दिवसांत तिने धाकट्या भावाला सोबत घेऊन शाळेत यावे. काही अडचण असल्यास सायंकाळी शाळेत भेटावे, किंवा निरोप पाठवावा, म्हणजे शिक्षक घरी येतील.’ या पत्रात एकही अवघड शब्द नाही. आणि ते पोस्टाने न पाठविता त्याने स्वतः जाऊन वाचून दाखविले. मुलगी आली. तिचा भाऊ वर्गाच्या कोपऱ्यात पोत्यावर झोपू लागला. परंतु मधल्या चार आठवड्यांत भागाकार शिकवून झाला होता, तो तिला पुढे कित्येक दिवस जड गेला. पत्रातील दोन शब्दांची किंमत त्या मुलीने मोजली, ही गोष्ट शिक्षकाच्या मनातून पुढे गेली नाही.

येथे कोणी विचारील की, कार्यालयीन भाषा मग आली कोठून? ती काही कोणी दुष्टपणाने निर्माण केलेली नाही. मराठीत व्यवहारलेखनाची परंपरा फार जुनी आहे. पत्राचे मायने व लेखनाचे संकेत सांगणारे ‘मेस्तक’ हे प्रकरण यादवांचा करणाधिप हेमाडपंत याच्या नावाशी जोडले जाते. राज्यकारभारात फार्सी शब्दांचा सुळसुळाट झाला तेव्हा छत्रपती शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध करविला, आणि सुमारे १४०० शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली आणि त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले. पुढे ‘महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४’ आला. लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत चालावा, हाच या सर्व खटाटोपाचा हेतू होता, आणि तो थोर होता. इंग्रजीत चालणारी कचेरी मराठीत आली, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

परंतु इंग्रजी शब्दाच्या जागी मराठी शब्द आला म्हणजे तो धानाच्या बांधीपर्यंत पोहोचलाच, असे होत नाही. कचेरीतून कचेरीकडे जाणाऱ्या कागदात ‘संदर्भाधीन’, ‘उपरोक्त’, ‘यथोचित’ हे शब्द चालतात. तेथे लिहिणारा व वाचणारा या दोघांनाही त्यांचा अर्थ ठाऊक असतो आणि त्यांमुळे नेमकेपणा येतो. तेच शब्द गावात आले की भिंत उभी करतात. ही अडचण केवळ मराठीचीच आहे असे नाही. ब्रिटनमध्ये तेथील अर्थखात्याच्या विनंतीवरून सर अर्नेस्ट गोवर्स या निवृत्त अधिकाऱ्याने १९४८ साली सरकारी नोकरांसाठी साध्या शब्दांची महती सांगणारी एक लहान पुस्तिका लिहिली, ती पुढे जगभर वाचली गेली. इतक्या मोठ्या साम्राज्याचा कारभार केलेल्या कचेऱ्यांनाही साधे कसे लिहावे हे नव्याने शिकावे लागले, यातून शिक्षकाने धीर घ्यावा.

अभ्यासक्रमाचा दुसरा धडा भाषेच्या मार्गातील अडथळ्यांविषयीचा आहे. अमेरिकेतील दूरध्वनी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९४८ साली संदेशवहनाचा सिद्धान्त मांडला. संदेश पाठविणारा, मार्ग, मार्गातील खरखर आणि घेणारा असे त्याचे चित्र होते. त्याचा विचार तारा आणि यंत्रे यांच्यापुरता होता. पुढे १९६० साली रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञाने मानवी संभाषणाची सहा अंगे सांगितली. बोलणारा, ऐकणारा, निरोप, प्रसंग, संपर्क आणि दोघांची समान संकेतपद्धती, म्हणजेच भाषा. यांपैकी शेवटचे अंग भंडाऱ्याच्या शिक्षकाने विशेष लक्षात घ्यावयास हवे. कारण येथील मूल घरून झाडीबोली घेऊन येते.

झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘श’च्या जागी ‘स’ येतो. पहिलीतील मूल ‘पानी’ म्हणते. शिक्षक तात्काळ म्हणतो, ‘पानी नव्हे, पाणी म्हण.’ मुलाला पाणी प्यावयास जावयाचे होते; त्याला मिळाली उच्चाराची दुरुस्ती. असे चार वेळा झाले की ते मूल बोलावयाचेच थांबते, आणि शिक्षक प्रगतिपुस्तकात शेरा लिहितो, ‘अबोल आहे.’ वास्तविक ते मूल घरी, गुरे राखताना, बोडीवर मासे धरताना अखंड बोलत असते. झाडीबोलीचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी केला आणि ती स्वतःचे नियम असलेली बोली आहे हे दाखवून दिले. तिच्यात दंडारीसारखी लोकनाट्याची परंपरा आहे. ती अशुद्ध मराठी नव्हे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानेही शक्य असेल तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. आधी मुलाचे म्हणणे ऐकावे, त्याला उत्तर द्यावे, आणि मग उत्तरातच प्रमाण शब्द सहज उच्चारावा : ‘जा, पाणी पिऊन ये.’ मूल ऐकते, आणि कालांतराने दोन्ही शब्द त्याचे होतात. एक घरचा, एक शाळेचा.

ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलणे म्हणजे खालच्या पायरीवर उतरणे, असे ज्यांना वाटते त्यांनी विदर्भातीलच दोन थोर पुरुष आठवावेत. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनात वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. आजचे प्रशिक्षण ज्याला प्रतिसाद घेणे म्हणते, ते याहून निराळे काय आहे? राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांनी खंजिरीच्या साथीने सफाई, श्रमदान व ग्रामशिक्षण हे विषय भजनांतून घरोघरी नेले. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला पुढे त्यांचेच नाव दिले गेले. ज्यांनी विद्यापीठाचा उंबरठा ओलांडला नाही त्यांचे नाव विद्यापीठाला लाभावे, यात व्यावहारिक भाषेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावे असे पुष्कळ आहे.

तिसरा धडा अहवालाचा. आपला शिक्षक दोन वर्षे शाळेच्या गळक्या छपराविषयी अर्ज करीत होता. त्या अर्जात शिक्षणाचे महत्त्व होते, ग्रामीण विद्यार्थ्यांच्या हालअपेष्टांचे वर्णन होते, आणि दुसऱ्या पानाच्या अखेरीस ‘तरी योग्य ती दुरुस्ती व्हावी ही नम्र विनंती’ असे वाक्य होते. वाचणाऱ्याला कळवळा येईल, पण काय करावे हे कळणार नाही. अहवालाचा घटक शिकल्यावर त्याने तोच अर्ज आठ ओळींत लिहिला : दुसऱ्या खोलीच्या पश्चिम बाजूची सुमारे ४० कवेलू फुटली आहेत, त्याखाली तिसरीचे १८ विद्यार्थी बसतात, एक फाटा वाळवीने पोखरलेला असून वाकला आहे, १ जुलैपासून तो वर्ग व्हरांड्यात बसविला आहे, पाऊस आला की तेथेही बसता येत नाही, अभियंत्याकडून पाहणी व्हावी व तोवर ताडपत्री मिळावी. यात विशेषण एकही नाही. अंक आहेत, दिनांक आहे, आणि मागणी दोन भागांत आहे : एक आज देता येण्याजोगी आणि एक चौकशीअंती देता येण्याजोगी. ताडपत्री त्याच महिन्यात आली. पाहणी मात्र दिवाळीनंतर झाली. चांगला अहवाल म्हणजे जादू नव्हे. पण वाचणाऱ्याला निर्णय घेणे सोपे करणे एवढे लिहिणाऱ्याच्या हाती असते, आणि तेवढे त्याने केलेच पाहिजे. जे पाहिले ते निराळे लिहावे आणि जे वाटते ते निराळे लिहावे. या दोहोंची मिसळ झाली की खरी गोष्टही अतिशयोक्तीसारखी वाटते.

चौथा धडा सभेच्या इतिवृत्ताचा, आणि तो सचोटीचा धडा आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. प्रत्यक्षात माता सभेला येतात, मागे बसतात, सही करतात किंवा अंगठा लावतात आणि जातात. इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले जाते. ज्या ठरावाचा एक शब्दही ऐकलेला नाही, त्याला कोणाचे अनुमत कसे असेल? अभ्यासक्रम सांगतो की इतिवृत्तात विषय, निर्णय, तो कोणी पार पाडावयाचा आणि केव्हापर्यंत, या चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. शिक्षकाने त्यात पाचवी गोष्ट घालावी : सभा संपण्यापूर्वी लिहिलेले सर्व मोठ्याने वाचून दाखवावे आणि मगच सह्या घ्याव्यात. वाचून दाखविताना कोणी तरी मागून हमखास म्हणते, ‘गुरुजी, असं नव्हतं ठरलं.’ त्या एका वाक्याने सभा खरी होते. तेथे शिक्षकाला राग येऊ नये. लोक ऐकू लागल्याची ती खूण होय.

या सर्व धड्यांच्या मुळाशी ऐकणे आहे. वर्गात ‘समजले का?’ असे विचारले की चाळीस मुले एकसुराने ‘हो’ म्हणतात. त्या होकाराला अर्थ नसतो. ‘आता तू आपल्या शब्दांत सांग’ असे म्हटले की काय पोहोचले आणि काय वाटेत सांडले ते कळते. हीच कसोटी पालकांना लावावी आणि शिक्षकाने स्वतःलाही लावावी.

आज निरोपाचे साधन मोबाईल झाले आहे. पालकांच्या गटावर सूचना टाकली की काम झाले, असे वाटू लागले आहे. पण पुष्कळ घरी मोबाईल एकच असतो, तो वडिलांच्या खिशात असतो, आणि वडील मजुरीसाठी दूर गावी असतात. आईपर्यंत ती सूचना जातच नाही. साधन नवे झाले तरी जुने प्रश्न तसेच राहतात : घेणारा कोण, आणि त्याच्यापर्यंत पोहोचले काय?

अभ्यासक्रमात उणिवा आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. परीक्षेत पत्राच्या साच्याला गुण मिळतात. दिनांक कोठे, विषय कोठे, ‘आपला विश्वासू’ कोठे, यावर भर असतो. ज्याला पत्र लिहावयाचे तो माणूस प्रश्नपत्रिकेत नसतो. त्यामुळे साचा पाठ करून उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थीही पुढे ‘खुलासा सादर करावा’ असेच लिहील, अशी भीती आहे. ती उणीव शिक्षकच भरून काढू शकतो. कारण त्याचा वाचक शाळेपासून चार घरांवर राहतो.

शेवटी मुलांविषयी. आपल्या वर्गातील कित्येक मुले ही घरात वाचू शकणारी पहिली माणसे आहेत. धान खरेदी केंद्रावरील पावती, सातबाराचा उतारा, बँकेचा कागद, दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्यांवरील सूचना या गोष्टी घरची माणसे त्यांच्यापुढे धरतात आणि विचारतात, ‘बाबू, काय लिहिलं आहे रे?’ तेथे मुलाने चुकीचे सांगितले तर काय होते, हे वरील पत्राच्या कथेत दिसलेच आहे. म्हणून तिसरीपासून पुढे दर शनिवारी अर्धा तास असे खरे कागद वर्गात आणावेत. ते वाचावेत, त्यांचा अर्थ घरच्या बोलीत सांगावयास लावावा, आणि न कळलेला शब्द न लपविता विचारण्याची सवय लावावी. न कळणे ही लाज नव्हे. न कळताच सांगून मोकळे होणे यात धोका आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, या महिन्यात प्रत्येकाने एवढेच करावे : जावक नोंदवहीतील पालकाला लिहिलेले एक जुने पत्र काढावे, त्याची प्रत घेऊन त्या घरी जावे, आणि ‘या पत्रावरून काय समजले?’ असे विचारावे. जे उत्तर मिळेल ते शांतपणे ऐकावे. व्यावहारिक मराठीचा सर्वांत उपयुक्त पाठ त्या ओसरीवर मिळेल, आणि त्याला परीक्षेचे शुल्क नाही.